विचलनासह पास

घाटोळेकाकांचं नाव आमच्या घरात आता निघत नाही. चुकून निघालंच तर मी उठून स्वयंपाकघरात जाते अन् भांडी आपटते. मी तापट आहे हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण हा राग तसला नाही. गिऱ्हाइकावरचा, भाजीवाल्यावरचा राग एक चहा होईस्तोवर टिकतो. हा दीड वर्ष झालं, जागचा हलत नाही. म्हणून म्हटलं, हा माणूस कसा होता ते एकदा लिहूनच काढावं. चांगला होता, तेही लिहीन. तेच तर दुखणं आहे.

मनोहर घाटोळे हे माझ्या वडलांचे मित्र. दोघंही जबलपुरातल्या एकाच संरक्षण फॅक्टरीत होते. बाबा मशीनवर अन् काका तपासणी विभागात. बाबांनी पुर्जा घडवायचा, काकांनी तो मोजून पास किंवा रिजेक्ट करायचा. दुसऱ्या कोणाची अशानं दुश्मनी झाली असती. हे दोघं मात्र संध्याकाळी सायकली हातात धरून, गप्पा मारत पायी घरी यायचे. बाबा आईला कौतुकानं सांगायचे, "मनोहरनं आज माझा अख्खा ट्रे परत केला. बरोबर केलं त्यानं. दोन सुतं जास्तच कापलं गेलं होतं." आई म्हणायची, "मोठं कौतुक!" पण काका आले की तीच त्यांच्यासाठी पोहे जास्त टाकायची.

काका ठेंगणे, गोरेपान. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन, एक निळा, एक लाल. खुर्चीवर बसले की आधी गुडघ्यावर रुमाल पसरायचे, जणू काही कुठल्याही क्षणी कोणी तपासायला काहीतरी आणून देणार आहे. हातात येईल ते तपासायचे. आमच्या घरी कपबशी हातात आली की आधी कप उलटा करून बूड बघायचे अन् मग चहा घ्यायचे. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब हलवून पाहिले होते अन् एक खांब परत रोवायला लावला होता. "माल बोलते, वंदू," ते म्हणायचे. "मालकाचं ऐकायचं नाही. मालाचं ऐकायचं."

राइट टाउनमधे मी खाण्याचं छोटं दुकान टाकलं तेव्हा हे दोघंही रिटायर होऊन बसले होते. पनीर टिक्का, मशरूम, भुट्टा, चिकन, सगळं ग्रिलवरचं. कोळसा मला नको होता. मी पेलेटवर चालणारं ग्रिल घेतलं. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड अन् बोटाच्या पेराएवढ्या लांब कांड्या. आमच्या दुकानात सगळे त्यांना गोळीच म्हणतात. ग्रिलच्या बाजूला पेटी असते, तिच्यात गोळी ओतायची. बटण दाबलं की विजेवर फिरणारा स्क्रू ती थोडी थोडी आगीत ढकलतो. आंब्याच्या किंवा बाभळीच्या लाकडाची गोळी असली की धुराला असा काही वास येतो की रस्त्यावरचा माणूस स्कूटर थांबवतो.

पण पहिल्याच पावसाळ्यात ग्रिल सारखं विझायला लागलं. मेकॅनिकनं दोनदा स्क्रू खोलला. तिसऱ्या दिवशी बाबा काकांना घेऊन आले. काकांनी ग्रिलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"गोळी कुठं ठेवते?"

"मागच्या खोलीत, बाथरूमच्या भिंतीला लागून."

"जमिनीवर?"

"मग काय डोक्यावर ठेवू काका?"

"अन् तिच्या शेजारी काय ठेवून राहिली तू? मसाल्याचे डबे? फिनाइल?" त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला अन् बुडातून मूठ भरून काढली. मुठीत गोळ्या कमी अन् भुसा जास्त. "बघ. ओल खाल्ली, फुगली, फुटली. हा भुसा स्क्रूत जाऊन बसला. ग्रिलची काही चूक नाही बेटा, तुझी आहे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी मागची खोली उपसून काढली. लाकडी पाट मांडले. पोती पाटांवर, भिंतीपासून हातभर दूर. उघडलेलं पोतं लगेच झाकणाच्या ड्रममधे. मसाला अन् फिनाइल खोलीबाहेर, कारण भुसा कुठलाही वास ओढून घेतो अन् मग तोच वास पनीरला देतो. पोतं आपटायचं नाही, उचलून ठेवायचं. ज्याचं पोतं आधी आलं, ते आधी वापरायचं. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, हेल्परला सांगितलं, मग बाबांनाही सांगितलं. बाबा हसत म्हणाले, "मला काहून सांगून राहिला बे? मी तर नुसता बसतो इथं." तेव्हापासून काका रोज दुपारी यायला लागले. मी पगाराचं विचारलं तर असे रागावले की पुन्हा विषय काढला नाही.

त्यांची तपासणी बघायला शेजारचे दुकानदार यायचे, खरंच सांगते. आधी गोळी उजेडात धरून बघायची. अंगावर चमक पाहिजे, भेगा नकोत. मग ती बोटांनी मोडायची. कट्कन मोडली तर चांगली, दाबून भुगा झाला तर ओली. मग मोडलेल्या टोकाचा वास, डोळे मिटून. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चार गोळ्या टाकायच्या. नुसत्या लाकडाची गोळी तळाशी जाते, थोड्याच वेळात फुलते अन् तिचा परत भुसा होतो. प्लायवूडचा भुसा मिसळला असेल तर त्यातला गोंद तिला धरून ठेवतो, ती लवकर सुटत नाही. शेवटी मूठभर जाळून राख पाहायची. पांढरी, मऊ राख आली म्हणजे माल साफ. खडे आले म्हणजे भुशात मातीबिती गेली.

एकदा एक व्यापारी टेम्पोभर माल घेऊन आला. गोड बोलणारा, दर वाक्याला 'अंकलजी'. काकांनी ग्लासात गोळ्या टाकल्या अन् घड्याळ काढून समोर ठेवलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. गोळ्या तशाच. व्यापारी चुळबुळ करायला लागला. "अंकलजी, जलाने की चीज़ है, कोई दवाई की गोली थोड़ी है."

काका हिंदीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "भैया, दवाई तो आदमी बीमार होकर खाता है. इसका धुआँ तो अच्छा-भला आदमी खाएगा."

टेम्पो भरलेला परत गेला. त्या दिवशी मला कसं वाटलं सांगू? वाटलं, आता आपल्याला कोणी हात लावू शकत नाही. दारावर पहारेकरी बसला आहे.

पास झालेल्या पोत्यावर काका निळ्या खडूनं गोल काढायचे अन् मधे टिंब द्यायचे. ते टिंब दिसलं की मी पोतं डोळे झाकून उघडायला सांगायची. शिवाय त्यांनी एक रजिस्टर घातलं होतं, फॅक्टरीत असायचं तसंच. लॉटचा नंबर, कुठून आला, चमक, मोड, वास, पाणी, राख, निकाल. सगळ्यात शेवटी दोन सह्या. तपासणाऱ्याची अन् मालकाची. दर शनिवारी ते रजिस्टर माझ्यासमोर ठेवायचे. मी एका हातानं फोनवर ऑर्डर घेत दुसऱ्या हातानं सही ठोकायची.

"वाचून सही कर, वंदू," ते सुरुवातीला म्हणायचे.

"काका, तुम्ही लिहिलंय ना? मग मी काय वाचू त्यात?"

त्यांना ते आवडायचं. कान लाल व्हायचे.

अन् एक रिवाज होता. नव्या लॉटच्या पहिल्या आगीवर मीठमसाला न लावता एक बटाटा भाजायचा. साध्या बटाट्यात धुराची चव लपत नाही. तो काका स्वतः खायचे, अर्धा बाबांना द्यायचे. दोन म्हातारे फुंकर घालत बटाटा खात बसलेत, हे दृश्य गिऱ्हाइकांना फार आवडायचं. कॉलेजच्या पोरी फोटो काढायच्या.

मग काकांच्या जावयानं अधारतालला गोळीचं मशीन टाकलं. आसपास आरागिरण्या, फर्निचरवाले, भुशाला तोटा नाही. जावई पहिला लॉट घेऊन आला तेव्हा काकांनी त्याला उभंच ठेवलं. तपासलं अन् म्हणाले, "रिजेक्ट. ओल आहे." जावयाचं तोंड एवढंसं झालं. मीच मधे पडले, "काका, घरचं माणूस आहे, बसू तरी द्या." तर मला म्हणाले, "घरचा घरी. इथं तो पार्टी आहे."

काय सांगू, त्या दिवशी मी चार जणांना फोन करून हे ऐकवलं. असा माणूस या जमान्यात पाहायला तरी मिळतो का, म्हणून. पुढच्या महिन्यात जावई सुधारलेला माल घेऊन आला अन् तो पास झाला. मग सगळी गोळी तिथूनच यायला लागली. मला काही खटकलं नाही. खटकायचं काय होतं?

थंडीत बाबांना खोकला लागला. आधी वाटलं हवा बदलली. मग तो जाईचना. बाबा दुकानात ग्रिलजवळच खुर्ची टाकून बसत, तेवढीच ऊब. डॉक्टरांनी विचारलं, "धूर, केमिकल असं काही आसपास असतं का?" मी म्हटलं, "धूर असतो, पण शुद्ध लाकडाचा. आमच्याकडे तपासून येतो." वर अभिमानानं सांगितलं, कोण तपासतं ते.

त्याच सुमारास आमचं एक रोजचं गिऱ्हाईक, शाळेत शिकवणारी बाई, प्लेट परत घेऊन आली. "दीदी, आज पनीर में नए फ़र्निचर जैसी गंध आ रही है." माझं डोकंच फिरलं. तिला मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्या नाकाला काय कळतं, आमचा माल तपासणारा माणूस आयुष्यभर फॅक्टरीत इन्स्पेक्टर होता. ती बिचारी प्लेट ठेवून गेली, परत आली नाही. काका तिथंच बसले होते. गुडघ्यावरचा रुमाल त्यांनी घडी केला, उलगडला, परत घडी केला.

पुढच्या महिन्यात काका लग्नाला नागपूरला गेले अन् नेमका तेव्हाच लॉट आला. म्हटलं, नंबर तरी लिहून ठेवू. रजिस्टर उघडलं. मागचा नंबर बघायला एक पान मागं गेले, अन् सहज वाचलं.

'वास: गोंदाचा, सौम्य. पाणी: वीस मिनिटांनीही फुटली नाही. राख: करडी. निकाल: विचलनासह पास.'

मी ते दोनदा वाचलं. विचलन म्हणजे काय ते बाबांमुळे मला माहीत होतं. फॅक्टरीत एखादा माल मापात बसत नसेल, पण अगदीच गरज असेल, तर तसं लिहून, वरच्या साहेबाची सही घेऊन तो पुढे जाऊ द्यायचे. मी आणखी पानं मागं गेले. त्याच्या आधीचा लॉट, विचलनासह पास. त्याच्याही आधीचा, तेच. अकरा लॉट. जावयाचा पहिला पास झालेला लॉट सोडला तर एकही साफ नाही. काहीही लपवलेलं नव्हतं. मोत्यासारख्या अक्षरात, तारीखवार, सगळं खरं लिहिलेलं. अन् प्रत्येकाखाली साहेबाच्या जागी सही. माझी.

मी मागच्या खोलीत जाऊन बसले. समोर पोती, पाटांवर, भिंतीपासून हातभर दूर. सगळ्यांवर निळं टिंब. त्या क्षणी मला पहिल्यांदा आठवलं की थंडी सुरू झाल्यापासून काकांनी बटाटा खाल्लाच नव्हता. "आज पोट बरोबर नाही." "आज दाढ दुखून राहिली." अन् अख्खा बटाटा बाबांच्या हातात. बाबा खुश, आपल्याला पूर्ण मिळाला म्हणून.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मला त्या खोलीत बसून कळलं.

काका परतल्याचं समजलं त्या दुपारी मी स्कूटर काढून मदन महलला त्यांच्या घरी गेले. काकू चहा ठेवायला आत वळल्या. मी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं. काकांनी ते पाहिलं अन् चष्मा काढून हातात घेतला.

"काहून काका?"

ते चष्म्याच्या काचा रुमालानं पुसायला लागले.

"मी विचारून राहिली, काहून? टेम्पोवाल्याला हाकललं ना तुम्ही? मला एकदा तोंडानं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी दुसरीकडून गोळी घेतली असती. बस, एवढंच."

"त्याचं मशीन बंद पडलं असतं, बेटा. दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं त्याच्याकडं. शुद्ध भुसा पुरत नाही, प्लायवाल्याचा मिसळावाच लागते. पोरीचा संसार आहे माझ्या."

"अन् माझे बाबा? तुम्ही स्वतः बटाटा खायचं सोडलं, म्हणजे तुम्हाला कळत होतं. मग त्यांच्या हातात काहून दिला? तुमच्याच दोस्ताच्या?"

त्यावर त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. मला वाटलं, आता म्हणतील, माझं चुकलं. खरं सांगते, तेवढं म्हणाले असते तर मी तिथंच रडले असते अन् रडून मोकळी झाले असते. पण त्यांनी चष्मा परत घातला. पाठ सरळ केली. अन् लहानपणापासून मला 'वंदू', 'तू' म्हणणारा हा माणूस म्हणाला, "मी लिहिलेलं आहे. एकही गोष्ट खोटी नाही लिहिली. तुम्ही सही केली आहे. सही वाचून करत असतात."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी रजिस्टर उचललं अन् चहा न घेता बाहेर पडले.

बाबांना सांगायचं नव्हतं, पण न सांगून कसं चालेल? त्यांनी रजिस्टर मागितलं. भिंग घेऊन एक एक पान वाचलं. "अक्षर तर त्याचंच आहे," म्हणाले. भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "आलू कडवट लागत होता, वंदे. मला वाटलं, माझीच जीभ गेली म्हातारपणी. मनोहरनं पास केला म्हणजे कडू कसा असेल?"

ते ऐकून मला जे झालं ते मी लिहू शकत नाही. बाबांना माझ्यासमोर राग आला नाही, हे आणखीच वाईट होतं.

जावयाचा उरलेला माल मी परत पाठवला. दोन महिने सिगडीवर, कोळशावर दुकान रेटलं. बाबांचा खोकला हळूहळू उतरला, अगदी गेला नाही. त्या शिक्षिकाबाईंच्या शाळेत जाऊन मी माफी मागितली. त्या चांगल्या वागल्या, पण दुकानात पुन्हा आल्या नाहीत. मग नरसिंहपूरकडच्या एका नव्या माणसाकडून चार पोती गोळी मागवली. या वेळी सगळं मी स्वतः तपासलं, काकांनी शिकवलं होतं तसंच. चमक होती. कट्कन मोडत होती. पाण्यात फुलली. वास लाकडाचा आला. मूठभर जाळली, राख पांढरी आली. मी पोतं ग्रिलच्या पेटीशी आणून ठेवलं.

त्याच दुपारी काका आले. एकदम समोर. वाळले होते, शर्टाला इस्त्री मात्र तशीच. बाबा आत हात धूत होते. काका उघड्या पोत्याजवळ वाकले, एक गोळी उचलली, उजेडात धरली, मोडली, डोळे मिटून वास घेतला. मग दोन्ही तुकडे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"हे लावू नको, वंदू," ते म्हणाले. रुमालानं बोटं पुसली अन् पायऱ्या उतरून गेले. समोरून ऑटो येत होता, तो जाईस्तोवर थांबले, मग रस्ता ओलांडला. मागं वळून पाहिलं नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मी ते तुकडे उचलून नाकाशी धरले. लाकडाचा वास. परत धरले. काहीतरी आंबूस वाटलं. परत धरले, परत लाकूड. ते खरं बोलत होते का? की माझा माल अडवायला आले होते, जावयाचं मशीन परत चालू व्हावं म्हणून? की खरंच त्यांना राहवलं नाही? अख्ख्या जबलपुरात हे सांगू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता, अन् तो आत्ताच रस्ता ओलांडून गेला होता.

बाबा हात पुसत बाहेर आले. "मनोहरचा आवाज आला का गं?"

"हो."

"गोळी पाहिली त्यानं?"

"पाहिली."

"मग झालं तर. लाव." अन् खुर्ची ओढून ते ग्रिलजवळ बसले. हात पुढे करून, थंडीतल्या सवयीनं.

माझं बोट बटणावर होतं. दोन-तीन गिऱ्हाइकं बाहेर उभी होती. मी बोट काढून घेतलं.

"लाइट गेली बाबा," मी म्हटलं.

डोक्यावर पंखा फिरत होता. बाबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, अन् हळूच हात मागं घेतले.